‘रागावू नको’ म्हणण्याआधी रक्तदाब मोजा

मा. संपादक,

‘पोटुशी बाईने चिडू नये, मूल रागीट निपजते’ हे डोहाळजेवणापासून दवाखान्याच्या बाकड्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण आधीच त्रासलेल्या बाईच्या माथी त्यामुळे आणखी एक अपराध येतो आणि ती का चिडते, हे कोणी विचारत नाही.

राग आला की अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. राग ओसरला की सारे पूर्ववत होते. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा बराचसा भाग वारेतच निष्क्रिय होतो. तेव्हा घरात एकदा खटका उडाला म्हणून बाळाला व्यंग येत नाही. काळजी करायची ती आठवडेच्या आठवडे न सुटणाऱ्या ताणाची. झोप उडते, जेवणावरची वासना जाते, तपासण्या चुकतात. अशा ताणाचा आणि नैराश्याचा संबंध 37 आठवड्यांआधीच्या प्रसूतीशी व अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाशी आढळला आहे. बाळंतपणानंतर नैराश्य येण्याचा धोकाही वाढतो.

सततच्या चिडचिडीमागे शरीराचे कारणही असू शकते. हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली असेल तर थकव्यापोटी बाई वैतागते. थायरॉइड बिघडले तरी तेच. सरकारी केंद्रात लोहाची गोळी मिळते, चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस. पण ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही. दोन गोळ्यांत दोन तासांचे अंतर हवे. अनेक घरांत दोन्ही गोळ्या सकाळच्या चहासोबतच जातात आणि मग ‘गोळ्या खाऊनही रक्त वाढेना’ अशी तक्रार होते.

सर्वांत धोक्याचे म्हणजे वाढलेला रक्तदाब रागाच्या खात्यावर टाकणे. ‘घरून भांडून आली असेल’ म्हणून आकडा सोडून द्यायचा नसतो. लघवीला जाऊन आल्यावर तिला पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवावे आणि दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीत ठेवून मोजावे. 20 आठवड्यांनंतर 140/90 किंवा अधिक आले तर चार तासांनी पुन्हा मोजायचे. तेव्हाही तेवढेच भरले तर तो गरोदरपणातला उच्च रक्तदाब. सोबत डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर चार तास थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे. 160/110 आले तर त्रास नसला तरीही.

डोके शांत व्हावे म्हणून मशेरी लावण्याची सवय गावोगावी आहे. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाची वाढ खुंटते. एकदा आलेल्या रागापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे, पण मशेरीवर घरात कोणी टोकत नाही, कारण सासूही लावते! झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनानेच बंद करू नयेत आणि नव्याने सुरूही करू नयेत.

आरोग्य विभागाकडे मागणी एकच. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिलांची तपासणी होते. तिथे प्रत्येकीला दोन प्रश्न विचारले जावेत: गेल्या महिनाभरात वारंवार उदास, हताश वाटत होते का? कशातच मन लागेनासे झाले होते का? एकाचे जरी उत्तर ‘हो’ आले तरी पुढची विचारपूस व्हावी, आणि ती नवरा-सासूला बाहेर बसवून. मारहाण होत असेल तर ती त्यांच्यासमोर सांगणार नाही. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा 14416 आणि महिलांसाठीचा 181 हे दोन्ही क्रमांक त्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत. कागद तिच्या हाती देऊ नये; घरी तो सापडला तर तिलाच भारी पडतो.

– प्रसूती विभागातील एक परिचारिका, सातारा