चांदी म्हैस दिलीस ते कळलं

ग्योटिंगन, जर्मनी, रविवार दुपार

प्रिय बाळ्या,

फोनवर तू म्हणालास, "चांदी दिली की गा," आणि मी लगेच "बरं केलंस, होत नव्हतं तर कशाला ओढायचं," असं बोलून मोकळा झालो. ते खोटं होतं. फोन ठेवला, ब्रूनोला घेतलं आणि नदीकाठानं तासभर नुसता चालत राहिलो. पत्र एवढ्यासाठी, की फोनवर हा विषय काढला की तू "सोड गा" म्हणून पावसावर येतोस.

ब्रूनो म्हणजे तोच, व्हिडिओ कॉलमध्ये मधेच नाक खुपसणारा. रुमानियाच्या रस्त्यावरचा, इथं बेवारशी जनावरांच्या आश्रमातून आणलेला. दिसायला आपल्या गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्यासारखा, पण त्याचे कागद माझ्यापेक्षा पक्के आहेत. कातडीखाली चिप, सरकारदरबारी नोंद, कुणाला चावलाच तर म्हणून विमा, वर नगरपालिकेचा वार्षिक कर. कर भरला की गळ्यात बांधायला बिल्ला. रेल्वेत माझी चार वर्षांची पोर फुकट आणि ब्रूनोला अर्धं तिकीट! ते काढताना दरवेळी जांबोटीच्या बसमधला कंडक्टर आठवतो. तुझ्या पिशवीतला कोंबडा आरवला आणि त्यानं अर्धं तिकीट फाडलं. तू भांडलास, "मग त्याला सीट दे की!"

परीक्षेचं तुला सांगितलं नव्हतं, लाजेनं. आमच्या या नीडरझाक्सन राज्यात 2013 पासून नव्यानं कुत्रा पाळणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. आणायच्या आधी लेखी, आणल्यावर वर्षाच्या आत प्रत्यक्ष. मागच्या दहा वर्षांत सलग दोन वर्षं कुत्रा सांभाळला असेल तर माफ. मी इथं येऊन तेव्हा चारच वर्षं झालेली. कचेरीतल्या बाईंना म्हटलं, आमच्या घरात कुत्रा नव्हता असा दिवस मला आठवत नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, पुरावा? आता मोत्याचा पुरावा कुठून आणू? ग्रामपंचायतीतून दाखला? बसलो परीक्षेला. एक प्रश्न असा होता, की शेपूट हलवणारा कुत्रा खूशच असतो का. मी "हो"वर खूण करणार, तेवढ्यात तुमचा काळ्या आठवला, शेपूट हलवत हलवत पोस्टमनच्या पोटरीला लागलेला. तो मार्क काळ्याचा.

रोजचं म्हणशील तर सकाळी सहाला उठून बाहेर. हिवाळ्यात मिट्ट अंधार. ब्रूनो गवतात दोन-तीन गिरक्या घेऊन बसतो, मी खिशातली पिशवी हातमोज्यासारखी उलटी चढवून वाकतो. पातळ प्लास्टिकमधून हाताला ऊब लागते. आणि डोळ्यांसमोर येते आई, परड्यात भुसा मिसळून शेण मळणारी, भिंतीवर शेणी थापणारी. एकेका शेणीवर तिची पाच बोटं उठलेली असायची, करंगळी जरा वाकडी. आजी हे हातानं करायची, असं पोरीला सांगितलं तर तिनं नाक दाबून माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, बाबा काहीतरी थापा मारतोय.

1 एप्रिल ते 15 जुलै इथं रानात कुत्रा मोकळा सोडायचा नाही. पाखरं अंड्यांवर असतात, हरणांची पाडसं गवतात दडलेली असतात. मला पटतं हे. पण भातात गवे शिरतात म्हणून डबे वाजवत रात्र काढणाऱ्या तुझ्यासारख्याला ते कुठल्या तोंडानं सांगायचं?

मागच्या महिन्यात गावाबाहेरच्या एका गोठ्यावर गेलो होतो. गाय आपणहून यंत्रापाशी येते, यंत्र गळ्यातला पट्टा ओळखतं आणि सड शोधून धार काढतं. माणूस कुठं नाहीच. सगळे थक्क होऊन बघत होते. मी मात्र मनात म्हणत होतो, आमच्या चांदीला आणा इथं. तू स्वतः बसल्याशिवाय, पुढ्यात सरकी पेंड ठेवून तिच्या कासेवर पाण्याचा हात फिरवल्याशिवाय ती पान्हा कुठं सोडायची? तू तापानं पडला होतास तेव्हा वहिनींनी तुझा सदरा घालून धार काढली होती, तरी निम्मं आटवलंच तिनं. त्या गोठ्यातल्या गाईंच्या दोन्ही कानांत पिवळे बिल्ले होते. चांदीच्याही कानात होता एक, बारा आकडी. तेवढंच काय ते सारखं.

आणि तो दिवाळीचा पाडवा! बेळगावात गवळी गल्लीत म्हशी पळवतात ते बघून आलो आणि तू हट्टाला पेटलास. शिंगं रंगवली, गळ्यात कवड्यांचा पट्टा बांधला, तुझ्या मोटरसायकलचा सायलेन्सर काढला. तुझ्यामागं वीस पावलं धावली असेल नसेल, सरळ पाटलांच्या मेथीच्या वाफ्यात घुसली. मोटरसायकल फटफटत पुढं, चांदी मेथीत आणि आपण दोघं पाटलांच्या दारात माफी मागायला.

चंदगडकडच्या माणसानं नेली म्हणालास. "दुधालाच नेली." पुढचं मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. वैरणीचा भाव, तुझी कंबर, पोरगा पुण्यात, सगळं मला कळतं. मी तर नऊ वर्षांपूर्वीच सगळं तुझ्यावर टाकून निघालो. मला बोलायला तोंड नाही. पण वाईट वाटायला तोंड लागत नाही ना?

एवढंच विचारायचं होतं. आई म्हणायची, जनावर द्यावं पण दावं देऊ नये. त्या गडबडीत सोडून घेतलंस ना? घेतलं असशील तर खुंटीवरच राहू दे. मी मे महिन्यात येतोय.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मेथीतला जोडीदार