शाईच्या थेंबात नीट पाहणाऱ्या ताईंना

माझ्या धाकट्या भावाला ना मधुमेह, ना एचआयव्ही, ना कुठलं औषध चालू. तीन आठवडे डोकं ठणकत होतं, मग उलट्या, मग एकाचे दोन दिसायला लागले. क्षयाचा मेंदूज्वर समजून गोळ्या सुरू झाल्या. धडधाकट माणसात बुरशीचा संशय कोण घेणार?

प्रयोगशाळेतल्या ताई, तुम्ही घेतलात. नाव विचारायचंही राहून गेलं. पाठीतून काढलेल्या पाण्यात काळी शाई मिसळून तुम्ही काचपट्टी पाहिलीत. काळ्या पार्श्वभूमीवर गोल पेशी, भोवती स्वच्छ वलय. नुसता अहवाल न पाठवता तुम्ही थेट वॉर्डात फोन केलात. क्रिप्टोकॉकस नावाच्या या बुरशीचा अंश शोधणाऱ्या अँटिजेन चाचणीनं खात्री पटली.

रात्रपाळीच्या सिस्टर, बुरशीवरचं अँफोटेरिसिन हे औषध शिरेतून चढताना त्याला हुडहुडी भरायची, तेव्हा तुम्ही त्याचा हात धरून बसायचात. रक्तातल्या पोटॅशियमवर आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवर तुमची नजर असायची.

आणि डोक्यातला दाब उतरावा म्हणून पुन्हा पुन्हा पाठीतून पाणी काढणारे निवासी डॉक्टर! औषधाइतकंच त्यानंही त्याला वाचवलं, असं मी मानते.

बुरशीवरचं दुसरं औषध, फ्लुकोनॅझोल, अजून काही महिने चालेल. काल त्यानं पेपर स्वतः वाचला. ओळी एकेरी दिसल्या त्याला.

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.