पार्किंगमधल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, नाव लिहीत नाही, सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं तर तुम्ही मलाच झापाल.

त्या रविवारी सकाळी कोथरूडच्या आपल्या पार्किंगमध्ये मी फोनवर क्लायंटला सांगत होतो, हो हो, सर्व्हर अडकलाय, किल मायनस नाइन मारतो (म्हणजे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करतो) आणि रिस्टार्ट करतो, आणि तुम्ही स्कूटर पुसता पुसता म्हणालात, "अरे मारतोस काय लगेच, आधी बघ तरी कशावर अडलाय." मला वाटलं झालं, आता रिटायर्ड माणसाचं लेक्चर. सॉरी काका.

आमचा सी प्लस प्लसचा सर्व्हर तीन महिने हेच करत होता, मधेच एखाद्या रात्री बाराच्या सुमारास गप्प, क्रॅश नाही, एरर नाही, आणि मी दरवेळी मारून मोकळा, म्हणजे पुरावाच पुसायचो की! तुम्ही जिन्यातच लॅपटॉप मांडीवर घेतलात. पीएसमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी कमांड) स्टेट एस, म्हणजे झोपलेला, सीपीयू शून्य. "सीपीयू 100 टक्के असता तर लूपमध्ये गरगरतोय, स्टेट डी असती तर डिस्क नाहीतर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवर, अडकलाय, तिथे तुझा नाइनपण बरेचदा चालत नाही. हा कुणाचीतरी वाट बघतोय." एसट्रेस (प्रोग्रॅम सिस्टिमकडे काय मागतोय ते दाखवणारं टूल) लावला तर फ्युटेक्स वेट, म्हणजे कुठलंतरी लॉक सुटायची वाट, बास, पुढे ढिम्म. मग जीकोरने कोअर फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीची कॉपी, बाजूला काढली आणि जीडीबी हा डीबगर अटॅच करून थ्रेड अप्लाय ऑल बीटी, म्हणजे प्रत्येक थ्रेड कुठल्या फंक्शनमध्ये थांबलाय ते बघितलं.

बाकीचे थ्रेड निवांत, पण एकाच्या स्टॅकमध्ये (एकातून एक बोलावलेल्या फंक्शनची उतरंड) खाली मॅलॉक, म्हणजे मेमरी मागणारं फंक्शन, त्यावर "सिग्नल हँडलर कॉल्ड", त्यावर आमचं लॉगिंग आणि सगळ्यात वर परत मॅलॉक! बाराला लॉग रोटेट होतो, म्हणजे नवी लॉग फाइल सुरू होते, त्यासाठी सर्व्हरला सिगहप हा सिग्नल येतो, आणि तो आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे हँडलरमध्ये, मीच हौसेने एक लॉगची ओळ टाकलेली. नेमका मॅलॉकने लॉक धरलेला असताना सिग्नल आला की तोच थ्रेड स्वतःच धरलेल्या लॉकसाठी थांबणार, जन्मभर. तुम्ही हसून म्हणालात, "काखेत कळसा." मला हसू येत नव्हतं, ती ओळ माझीच होती ना.

आता हँडलरमध्ये फक्त एक फ्लॅग सेट होतो, लॉगबिग सगळं मेन लूपमध्ये. तुम्ही सांगितलेलं सिग्नल सेफ्टीचं मॅन पेजपण वाचलं, हँडलरमध्ये बिनधोक वापरता येणाऱ्या फंक्शनच्या त्या यादीत मॅलॉक नाही आणि मजकूर छापणारं प्रिंटएफही नाही, इतकी वर्षं कुठे होतो मी कोण जाणे. दीड महिना झाला, एकदाही अडकला नाही.

आणि हो, त्या दिवशी तुमचं स्कूटर पुसायचं फडकं माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आलं, संध्याकाळी आणून देतो.