महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र नाचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात साल्सा हा जोडीने करायचा नाच शिकवणारे क्लास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि शिकणारेही थोडेच. तरी एवढ्याशा मंडळींत तट पडले आहेत. त्याचा त्रास शिकणाऱ्यांनाच होतो, म्हणून हे पत्र. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, मुलींचे लेझीम पथक बसवते आणि संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या एका क्लासात स्वतः साल्सा शिकते.

वाद आहे तो पाऊल कोणत्या मात्रेवर फिरवायचे यावरून. साल्साची मोजणी आठ मात्रांची, चौथ्या आणि आठव्या मात्रेला थांबायचे. लॉस एंजेलिसच्या पद्धतीत ब्रेक, म्हणजे पाऊल फिरवण्याची जागा, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर येतो, तो ‘ऑन वन’. न्यूयॉर्कच्या ‘ऑन टू’त तोच ब्रेक दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर. तिथले नृत्यशिक्षक एडी टॉरेस यांनी ही पद्धत नीट बसवून शिकवली आणि ती देशोदेशी गेली. या दोन्हींत जोडी एका सरळ रेषेत नाचते. क्युबाच्या ‘कसिनो’त दोघे एकमेकांभोवती फिरतात, आणि ‘रुएदा’ धरला की सगळ्या जोड्या गोलात उभ्या राहून एकाच्या पुकाऱ्यावर पार्टनर बदलतात. कोलंबियातल्या काली शहराचे झपाझप पायकाम तर आणखीच वेगळे, ते आम्ही फक्त मोबाइलवर बघतो.

माझा ओढा ऑन टूकडे आहे. कोंगा या उंच ढोलावरची चापट दुसऱ्या मात्रेला पडते, आणि पाऊल नेमके तिच्यासोबत गेले की गाणे अंगात शिरते. पण नवख्याला ऑन वन लवकर सापडते हेही मी बघते, आणि रुएदात जो हशा पिकतो तो दुसरीकडे कुठे नाही. आवड ज्याची त्याची असावी. आपल्याकडे मात्र माझ्या ओळखीच्या एका मुलीला तिच्या क्लासात स्पष्ट सांगण्यात आले की, दुसऱ्यांकडे शिकायला गेलीस तर इथे येऊ नकोस. तिने साल्साच सोडला. चांगली नाचायची.

प्रत्येक जण म्हणतो, आमचाच साल्सा खरा. क्युबाचे सोन आणि माम्बो हे संगीतप्रकार, न्यूयॉर्कमध्ये येऊन राहिलेले पोर्तो रिकोचे वादक, हे सगळे मिसळून हे संगीत घडले. ज्या फानिया कंपनीच्या रेकॉर्डींनी साल्सा हे नाव सगळीकडे पोचवले, ती 1964 मध्ये काढली जॉनी पाचेको आणि जेरी मसुची यांनी. पाचेको जन्माने डोमिनिकन, मसुची न्यूयॉर्कचे वकील. इतक्या हातांतून गेलेल्या नाचात सोलापूरच्या क्लासांनी सोवळे-ओवळे कशाला पाळावे?

या भांडणात ऐकण्याकडे कोणाचे लक्षच नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटते. एखाद्या लग्नाच्या संगीतासाठी किंवा गॅदरिंगसाठी महिनाभर एकच गाणे घासतात, तोंडाने ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन’ चालू. दुसरे गाणे लावले की मुले जागच्या जागी उभी. साल्साच्या मुळाशी क्लावे आहे, दोन लाकडी दांड्यांवरचे पाच ठोके. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. माझ्या लेझीमच्या मुलींना मी हे पाच ठोके टाळीवर दिले, तर त्यांनी बघता बघता उचलले. आपली पोरे मिरवणुकीतली हलगी ऐकत वाढलेली असतात. त्यांच्या कानात ताल आधीपासून असतो, तो वापरायला तरी शिकवा.

तेव्हा सर्व क्लासचालकांना माझी विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी, संध्याकाळच्या वेळेला, सगळ्यांनी मिळून एक ‘सोशल’, म्हणजे नुसते एकत्र नाचण्याची संध्याकाळ, ठेवा. पुण्या-मुंबईत असे सोशल होतात. शो नाही, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. ऑन वन, ऑन टू, कसिनो सगळी गाणी लावा, मधूनमधून बचाटा हा दुसरा जोडीचा नाचही होऊ द्या. कोणीही कोणालाही नाचायला विचारावे, आणि समोरच्याने नाही म्हटले तर कारण न विचारता पुढे जावे. हा नियम दारावर मोठ्या अक्षरांत लावा. मुलगे कमी असतात, तर मुलींनी लीड, म्हणजे जोडीला नाचवणाऱ्याची बाजू, शिकावे. आम्ही तसेच करतो. आणि भिंतीकडेला खुर्च्या मांडून आई-वडिलांना बोलवा. जोडीने नाचायचे म्हटले की घरून नकार येतो, पण लख्ख उजेडात काय चालते ते एकदा बसून बघितले की पुष्कळ घरांचा विरोध मावळतो.

जागा निवडताना फरशी बघा, हे मी शिक्षिका म्हणून बजावते. खरबरीत शाहबादीवर स्पिन घेतला की बूट अडकतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. तरुण पोरांना आज कळत नाही, नंतर कळते. गुळगुळीत फरशीचे किंवा लाकडी तळाचे हॉल शहरात आहेत, पण त्यांचे भाडे एकट्या क्लासाला झेपत नाही. सगळ्यांनी वाटून घेतले तर झेपेल. महापालिकेनेही आपली सभागृहे रविवारी रिकामी असतील तेव्हा अशा कामाला माफक दरात द्यावीत.

आणखी एक. पदवी झाली की आपली मुले नोकरीला पुण्याला जातात. दरवर्षी क्लासातली जरा तयार झालेली जोडी अशीच उठून जाते. उरलेल्यांना तुझे-माझे करून वाटून घेतले तर नव्या मुलांनी नाचायचे कोणाबरोबर?

पुढाकार घ्यायला कोणी तयार असेल तर स्पीकर माझा, आणि नवख्यांना पहिला अर्धा तास क्लावे शिकवण्याचे कामही माझ्याकडे.

आपली,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका, जुळे सोलापूर