मा. कृषिमंत्री, परदेश दौऱ्यात आम्हाला माणसं भेटू द्या

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. शेतकऱ्यांना परदेशी अभ्यास दौऱ्यावर पाठवायची आपल्या खात्याची योजना आहे, ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मा खर्च सरकार उचलतं, हे चांगलंच आहे. आम्ही काही जण मात्र पदरमोड करून यंदाच्या जानेवारीत व्हिएतनामला जाऊन आलो. तिथे जे पाहिलं त्यावरून आपल्याकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत.

पहिला दिवस हनोईच्या हॉटेलातल्या हॉलमध्ये गेला. पडद्यावर आलेख, अंगावर एसी, निघताना प्रत्येकाला पिशवी आणि पेन. पेन बरं चालतंय.

त्या रात्री आम्ही लाँग बिएन पुलाखालच्या बाजारात गेलो. फ्रेंचांनी १९०२ साली बांधून काढलेला हा लोखंडी पूल, अजूनही त्यावरून रेल्वे जाते. भुसावळची तापी ओलांडत वाढलेली माणसं आम्ही, निम्मे जण पूलच बघत बसले. खाली मध्यरात्रीनंतर फळांचा घाऊक बाजार भरतो. हातगाडे ओढणाऱ्यांत बायकाच जास्त. आमच्यातल्या एका पोराने केळीची फणी टोकाच्या दोन केळ्यांना धरून उचलली, तशी गाडा सोडून एक बाई धावत आली. फणी त्याच्या हातातून काढून घेतली, दांड्याला धरून दाखवली, खाली वर्तमानपत्र अंथरून अलगद ठेवली आणि त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं चूप. आमच्याकडे अख्खे घड ट्रकमध्ये कसे भरतात हे तिने पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, कोण जाणे. जगातली जवळपास चौथाई केळी भारतात पिकतात आणि निर्यातीत आपला वाटा अगदीच थोडा. त्याची कारणं मोठमोठ्या अहवालांत आहेत. एक कारण त्या बाईने अर्ध्या मिनिटात दाखवलं.

पण खरी भेट पुढच्या दिवशीची. लाल नदीच्या काठी, गाळाच्या जमिनीत एका आजीची केळीबाग होती. एकरभरही नसेल. घडांना बांबूचे टेकू, थेट आपल्यासारखे. दुभाषी म्हणून कॉलेजात शिकणारी एक मुलगी घेतली होती, भातशेती करणाऱ्या घरातली. आजी बोलणार, मुलगी इंग्रजीत सांगणार, आमचा पुतण्या ते मराठीत आणणार, असा कारभार. पण पोरीला शेतीतलं कळत होतं, त्यामुळे गाडी अडली नाही. आम्ही 'हेक्टरी उत्पादन' विचारलं की ती आजीला भलतंच काही विचारायची. शेवटी तिनेच सांगितलं, तसं विचारलं तर आजी सरकारी माणसाला द्यायचं ते उत्तर देईल. हे ऐकून आमचे आबा इतके हसले की टेकूला धरून उभे राहिले.

फेब्रुवारीत टेट होता, म्हणजे त्यांचं नववर्ष. उत्तर व्हिएतनाममध्ये त्या दिवशी पूर्वजांपुढे पाच फळांचं ताट मांडतात. खाली हिरवी, वर वळलेली केळीची फणी आणि तिच्या ओंजळीत बाकीची फळं. डाग नसलेल्या, डौलदार फणीला त्या आठवड्यात वाटेल तो भाव मिळतो. आजी लागवडच टेटपासून उलटी मोजून करते आणि निवडक फण्या स्वतः रस्त्याकडेला बसून विकते. तिने आम्हाला विचारलं, तुमच्याकडे केळी कोण विकतं? आम्ही म्हटलं, व्यापारी. भाव कोण ठरवतं? व्यापारी. कापणीला माणसं कोणाची? तीही व्यापाऱ्याची. मग आजीने जे विचारलं ते सांगायला पुतण्या जरा घुटमळला : "मग तुम्ही काय करता?"

२०२४ च्या सप्टेंबरात यागी वादळ आलं, लाल नदीला पूर आला, तेव्हा ही बाग पाण्याखाली गेली होती. पुढच्या टेटला आजीकडे विकायला एक फणी नव्हती. मे-जूनच्या वादळात आडवी झालेली बाग रावेर-यावलच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आम्ही सगळे गप्प उभे होतो. तिनेच विषय बदलला आणि जेवायला चला म्हणाली.

जेवणात केळफूल होतं. आपण घड भरावा म्हणून ते कापतो आणि बांधावर फेकून देतो. आजीने बाहेरची लाल पानं काढली, आतला पांढरट गाभा केसासारखा बारीक चिरला आणि चिरता चिरताच लिंबाच्या पाण्यात सोडला, म्हणजे काळा पडत नाही. मग पिळून त्यात पाला, मिरची आणि वरून भाजून भरडलेले शेंगदाणे. आबा माळकरी, म्हणून माशापासून केलेल्या खारट पाण्याची बाटली पोरीने गुपचूप बाजूला सरकवली. कळण्याच्या भाकरीबरोबर हे चाललं असतं, असं आबांचं मत पडलं.

आमच्यात एकच बाई होती, शेजारच्या गावच्या वहिनी. त्या चिरायला खाली बसल्या आणि आजीने आम्हा पुरुषांकडे पाहणंच सोडलं. दुभाषाची साखळीही त्या दोघींना फारशी लागली नाही. पील, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणारं पिल्लू, कधी कापता, कोणतं ठेवता, घड केव्हा झाकता, हे सगळं हातवाऱ्यांनी झालं. आम्हाला जे सुचलं नव्हतं ते वहिनींनी विचारून घेतलं, कारण बागेत ती कामं त्या करतात, आम्ही नाही.

माझा मामेभाऊ मागे इस्रायलला गेला होता. जाळीखालच्या केळीबागा पाहिल्या, ठिबकचे आकडे वहीत उतरवून आणले. ती वही आता कुठे आहे त्याला ठाऊक नाही. पण तिथल्या लोद शहरात एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, म्हातारी भेटली, लहानपणी रायगडातून गेलेली. तिने मराठीत "कुठले तुम्ही?" म्हणून थांबवलं, ते तो आजही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो.

तर मागणी अशी. आपल्या दौऱ्यांत कंपन्या, प्रदर्शनं, संशोधन केंद्रं असतील ती असू द्या. पण ज्या पिकाचा शेतकरी पाठवाल, त्याच पिकाच्या लहान शेतकऱ्याच्या घरी एक अख्खा दिवस ठेवा. बस थांबवून फोटो काढण्यापुरतं नको. आणि सोबत शेतीतलं कळणारा स्थानिक दुभाषी द्या. त्या पोरीचा मेहनताना आमच्यात वाटला तर माणशी एका वेळच्या हॉटेलच्या जेवणाएवढाही पडला नाही.

दुसरी मागणी वहिनींसाठी. अर्जाला सातबारा आणि आठ-अ लागतो, आणि तो बहुतेक घरातल्या पुरुषाच्याच नावावर असतो. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायच्या लक्ष्मी मुक्ती योजनेने काही नावं चढली, बाकीची राहिली. निंदणी, पील कापणी करणारी बाई या अटीत बसतच नाही. वहिनी गेल्या त्या स्वतःच्या गळ्यातलं गहाण ठेवून. सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुटुंबातली कष्ट करणारी बाई पात्र धरायला एक शासन निर्णय पुरतो, निधी वेगळा लागत नाही.

आणि तिकडचे लहान शेतकरी कधी इकडे आणायचं ठरवलंत, तर राहण्याजेवणाची जबाबदारी आमच्या गावाची. आजीला आम्ही तसं बोलून आलोय. फक्त मे महिना तेवढा सोडा. पंचेचाळीस अंशांत आम्हीच घराबाहेर पडत नाही.

कळावे,
आपला,
रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक