पाचवा भाग तुझाच

प्रिय नंदे,

दोन वर्षं झाली पत्राला. हवं तेवढं रागव, पण आधी वाच. तब्येत ठीक आहे, गोळ्या चालू आहेत.

आमचं यंत्र पुढच्या टप्प्यातून काढलं. पाण्यातलं फ्लोराइड मोजणारं, तेच. सहा वर्षं गं! पैसे कमी पडले, चारातलं एक वगळायचं होतं, ते माझं निघालं. सगळे इतकं गोड बोलले की भांडायलाही कोणी उरलं नाही. घरचे म्हणतात, दुसरं काम मिळेल. मिळेलच. पण चौदा विहिरींत आमची चाचणीची यंत्रं अजून तशीच लटकताहेत, त्यांचं काय, हे कोणी विचारत नाही.

त्यात भाचीनं विचारलं, "मावशी, 'कॉसमॉस'चे तेराच्या तेरा भाग बघायला वेळ नाही, चांगले तेवढे सांग." १९८०ची ती टीव्ही मालिका, आपली, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची. मी लगेच सांगितले: तिसरा, सातवा, नववा. सातव्यात सेगन ब्रुकलिनच्या आपल्या जुन्या शाळेत जाऊन मुलांना ग्रहांची चित्रं वाटतो, ते तिला फार आवडलं. आणि तिसरा तर माझा केप्लर! मंगळाची कक्षा वर्तुळात बसवता बसवता वर्षं गेली, जवळजवळ बसलीही, आणि आकाश मोजणाऱ्या टायको ब्राहेच्या दोन नोंदी ८ कलांनी चुकल्या. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग! तेवढ्यासाठी त्यानं वर्तुळच सोडून दिलं. तू कितीही नाकं मुरड, माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पाचवा मी सांगितलाच नव्हता. पण मंगळाचा म्हणून तिनं तो लावला आणि मी शेजारी बसले. लॉवेलला मंगळावर दिसलेले कालवे झाले, मंगळावर उतरलेलं व्हायकिंग यान आलं, आणि मग तुझा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वुल्फ विश्नियाक. आठवतं, नेमकी तेव्हाच मी उठायचे आणि तू ओरडायचीस, "बस खाली!" या वेळी बसले. मंगळाच्या मातीत सूक्ष्मजीव शोधायचं उपकरण, 'वुल्फ ट्रॅप', बारा वर्षांची मेहनत, आणि खर्च कमी करायला व्हायकिंगमधून तेच काढलं. नंदे, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, पण कधी ऐकलंच नव्हतं.

तो गेला कुठे, तर अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत, मंगळासारखी माती शोधत. मातीत ठिकठिकाणी नमुने ठेवले आणि ते परत आणायला एकटा निघाला. वहीतली शेवटची नोंद १० डिसेंबर १९७३ची, रात्री साडेदहाची: २०२ क्रमांकाच्या ठिकाणचा नमुना काढून घेतला, माती उणे १० अंश, हवा उणे १६. त्यानंतर तो कड्यावरून पडून गेला. मागे राहिलेल्या नमुन्यांत त्याच्या बायकोला, हेलनला, यीस्टची नवी जात सापडली.

भाचीनं विचारलं, "काढून टाकलं तेव्हा त्याला राग नाही आला?" मला उत्तर देता येईना. मला येतो. रात्री दोनला जाग येते तेव्हा फार येतो. राजीनामा लिहून ठेवलाय, तीनदा फाडलाय. पण डोक्यात सारख्या त्या चौदा विहिरी येतात. शेवटचे आकडे कोणी घेतलेच नाहीत तर सहा वर्षांचं काम अर्धवटच राहील. स्वतःच्या पैशानं जाऊन यंत्रं काढून आणावीत, नोंदी पुऱ्या कराव्यात, असं वाटतं. वेडेपणा आहे का? हे विचारायला तुझ्याशिवाय कोण आहे?

तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? घराचं काम संपलं का? धाकटीचा निकाल कळव.

आणि हो, पाचवा भाग सगळ्यांत चांगला. वीस वर्षांचं भांडण तू जिंकलीस. केप्लर दुसरा. याच्या खाली मी येणार नाही.

पुढच्या महिन्यात चार दिवस काढशील? गाडी तू चालव, पण माणसासारखी. नोंदी मी घेते.

तुझी,
शमा