सोनं दिसलं, कबरी राहून गेल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड रशवरचा लेख आवडला, तरी वाचून झाल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. सप्टेंबर १८९२ मध्ये बेली आणि फोर्ड यांना कूलगार्डीला साडेपाचशे औंस सोनं कसं मिळालं, पुढच्या जूनमध्ये पॅडी हॅननला सापडलेल्या सोन्यामुळे काल्गूर्ली कसं वसलं, हे त्यात आहे. ज्यांच्या हाताला काहीच लागलं नाही त्यांचं काय झालं, हे नाही. मुलगी पर्थला असते. मागच्या वर्षी तिच्याबरोबर तिकडे जाऊन आलो, म्हणून हे लिहितो आहे.

कूलगार्डीच्या दफनभूमीत उन्हात तासभर फिरलो. तांबडी माती, खुरटी झुडपं आणि नाव नसलेल्या कित्येक कबरी. नाव आहे तिथे वय बघावं तर विशी-तिशीचं. ही माणसं खाणी कोसळून गेली असतील असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळ जण विषमज्वरानं गेली. हजारोंची वस्ती तंबूंत, संडासाची धड सोय नाही आणि पाणी विकतचं. खारं पाणी मोठ्या टाक्यांत उकळायचं, वाफ थंड करायची आणि ते विकायचं, हा धंदाच होता. त्या भट्ट्यांपायी आसपासची झाडं तुटली. असलं पाणी हात धुवायला कोण घालवणार? २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा आमच्या घरात ताटं धुवायच्या ऐवजी पुसून ठेवत होतो, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तिथल्या मूळ रहिवाशांना मात्र पाणी कुठे आहे ते ठाऊक होतं. खडकातल्या खळग्यांत पावसाचं पाणी साठतं, त्यावर दगड किंवा फांद्या झाकून ते जपून वापरत. माणसं, घोडे आणि उंट येऊन थडकले आणि ते खळगे उपसले गेले.

उंटांवरून आठवलं. लेखात ‘अफगाणी उंटवाले’ एवढा एकच उल्लेख आहे. यातले बरेच जण बलुचिस्तान, सिंध, पंजाबातले. उंट जहाजावर चढत ते कराचीला, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं! १८९६ मध्ये कूलगार्डीला रेल्वे पोचली, तोवर पीठ, पत्रे, यंत्रांचे भाग, पाणीसुद्धा याच उंटांच्या पाठीवरून येई. पण खाणकामाचा परवाना आशियाई माणसाला मिळत नसे. ओझं वाहायचं, खणायचं नाही. त्यांच्यातला मोठा व्यापारी ताग महंमद जानेवारी १८९६ मध्ये कूलगार्डीच्या मशिदीत नमाज पढताना मारला गेला. त्याची कबर तिथेच आहे. उंटांवरून हे वाळवंट पार करणारा अर्नेस्ट जाइल्सही याच गावात कारकुनी करत होता. १८९७ मध्ये न्यूमोनियानं गेला.

पाणी शेवटी आलं. ओ'कॉनर या इंजिनिअरनं पर्थजवळच्या धरणातून सुमारे ५३० किलोमीटर नळ टाकला. जानेवारी १९०३ मध्ये काल्गूर्लीला पाणी पोचलं. वर्तमानपत्रांतल्या झोडपणीनं खचलेल्या ओ'कॉनरनं त्याआधीच, मार्च १९०२ मध्ये, स्वतःवर गोळी झाडून घेतली होती.

तिकडच्याच ग्वालिया या खाणीच्या गावाचं नाव वाचून मला मुंबईतला गवालिया टँक आठवला होता. संबंध काही नाही, ते वेल्सचं जुनं नाव. तिथली खाण डिसेंबर १९६३ मध्ये बंद झाली आणि तीन आठवड्यांत बाराशेच्या गावात जेमतेम चाळीस माणसं उरली. घरं पत्र्याची, आतून गोणपाटाच्या भिंती, त्यावर चुन्याची सफेदी. एका घरात चूल जागच्या जागी होती. लेक म्हणाली, “बाबा, हात लावू नका.” मी लावणार नव्हतो, पण तिनं बरोबर ओळखलं होतं.

काल्गूर्लीजवळच्या कनौना या ओस पडलेल्या गावात तर तेवढंही नाही. कधीकाळी बारा हजारांच्या आसपास वस्ती होती म्हणतात. आता दफनभूमी, रेल्वेचा फलाट आणि इथे अमुक इमारत होती असं सांगणाऱ्या पाट्या. लाकूड-पत्रा लोक बरोबर घेऊन गेले. लेखाचा दुसरा भाग काढणार असाल तर फोटो कनौनाचा छापा, ही विनंती. सोनं तिथे अजून निघतं, १९९३ पासून जवळच नवी खाण चालू आहे. कामगार काल्गूर्लीहून येतात आणि पाळी संपली की परत जातात.

आपला,
एक वाचक, लातूर